जाब देण्यास बांधील कोण? नवी मुंबईतील सार्वजनिक खर्चाचा प्रश्न

सार्वजनिक पैशाच्या खर्चाविषयी महाराष्ट्रात होणारी चर्चा बहुतेक वेळा घोटाळ्यापासून सुरू होते आणि घोटाळ्यापाशीच संपते. कोणत्या कामात किती टक्के गेले, कोणाच्या नातेवाइकाला कंत्राट मिळाले, चौकशी कोणी लावली आणि कोणी दाबली, या प्रश्नांमागचा राग खरा असतो. परंतु या चर्चेचा एक दुष्परिणाम असा होतो की, ज्या खर्चात चोरी सिद्ध करता येत नाही तो खर्च जणू निर्दोष ठरतो. बारा वर्षे रखडलेला मार्ग, मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेलेली किंमत, एकाच सेवेसाठी दोन संस्थांनी मागितलेले पैसे, यांत कदाचित एकाही व्यक्तीच्या खिशात बेकायदा रुपया गेलेला नसतो, आणि तरीही करदात्याचे नुकसान झालेले असते व त्याबद्दल कोणालाही उत्तर द्यावे लागलेले नसते. नवी मुंबईच्या बाबतीत हे दुसऱ्या प्रकारचे नुकसान अधिक खोलवरचे आहे आणि त्याचे मूळ व्यक्तींच्या लोभाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, संस्थांच्या रचनेत आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

उत्तरदायित्व ही संज्ञा येथे एका निश्चित अर्थाने वापरली आहे. सार्वजनिक पैसा खर्च करणारी विशिष्ट व्यक्ती किंवा संस्था, ज्यांचा तो पैसा आहे त्यांच्यापुढे, ठरलेल्या मुदतीत, खर्चाचे कारण आणि फळ सांगण्यास बांधील असणे, आणि ते उत्तर समाधानकारक नसल्यास त्याचा काही परिणाम तिला भोगावा लागणे, अशा अटी एकत्र आल्या तरच उत्तरदायित्व आहे असे म्हणता येते. हिशेब लिहिला जाणे, तो तपासला जाणे आणि त्यावर आक्षेप नोंदवला जाणे, म्हणजेच ज्याला लेखापरीक्षण म्हणतात ते, ही या साखळीची केवळ सुरुवात होय. नवी मुंबईत लेखापरीक्षण झालेच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. आक्षेपांचे उत्तर नेमके कोणी, कोणापुढे आणि कधीपर्यंत द्यायचे, हे मात्र येथील व्यवस्थेत पुन्हा पुन्हा अनिश्चित राहिले आहे.

ज्यांचा पैसा आहे ते कोण, याविषयीही एक गैरसमज आधी दूर करणे आवश्यक आहे. ‘आमच्या कराच्या पैशातून’ हा शब्दप्रयोग नोकरदार मध्यमवर्गाच्या तोंडी अधिक ऐकू येतो आणि त्यामागे प्राप्तिकर भरणारा तोच खरा करदाता अशी समजूत असते. वस्तुतः वस्तू व सेवा कर, इंधनावरील कर, मुद्रांक शुल्क यांच्याद्वारे वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पोती वाहणारा माथाडी कामगार, तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहून नेरुळच्या घरांत धुणीभांडी करणारी स्त्री आणि दिघ्यातला रिक्षाचालक हेही दररोज कर भरत असतात, आणि त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने तो भार हलका नसतो. जोतीराव फुले यांनी एकोणिसाव्या शतकातच हे स्पष्टपणे मांडले होते: सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि तिचा उपभोग भलतेच घेतात, ही त्यांची तक्रार ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही आहे आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ३२ सदस्यांत विरोधी मत देणारे ते एकटे होते, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. रक्कम लहान होती, पण ती कोणाची आहे हे त्या सभेत विचारणारा एक सदस्य होता, आणि विचारण्यासाठी एक सभा होती, हे दोन्ही येथे महत्त्वाचे आहे.

नवी मुंबई ज्या संस्थेने वसवली ती सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, १७ मार्च १९७० रोजी कंपनी कायद्याखाली स्थापन झाली. तिचे संपूर्ण भागभांडवल राज्य सरकारचे आहे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्या नियोजनाखाली आले, आणि शहर उभारण्याचा खर्च करातून न करता जमिनीतून करायचा, असे तत्त्व स्वीकारले गेले. शेतकऱ्यांकडून अल्प दराने घेतलेली जमीन विकसित करून विकायची आणि त्या उत्पन्नातून रस्ते, स्थानके, जलवाहिन्या बांधायच्या, असा तो विचार होता. आर्थिकदृष्ट्या तो यशस्वी ठरला, कारण सरकारने दिलेल्या ३ कोटी ९५ लाखांच्या प्रारंभिक भांडवलावर एक महानगर उभे राहिले. पण या यशाने एक राजकीय पोकळीही निर्माण केली. जो खर्च करातून होतो त्यावर कर लावणाऱ्या सभागृहात प्रश्न विचारता येतो. भूखंड विकून केलेल्या खर्चाला मात्र व्यापारी महामंडळाच्या अंतर्गत व्यवहाराचे रूप येते आणि त्यावर रहिवाशाचा किंवा जमीन गमावलेल्या ग्रामस्थाचा काही अधिकार आहे, ही जाणीवच मागे पडते. सिडकोचा अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक राज्य सरकार नेमते. ज्या शहराचे भवितव्य हे संचालक मंडळ ठरवते, त्या शहराच्या मतदाराने त्यातील एकही सदस्य निवडलेला नसतो.

जमीन हा करापेक्षा कमी सार्वजनिक असा पैसा नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या, जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात, जासई आणि दास्तान फाटा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्या भांडवलासाठी माणसांनी प्राण दिले ते भांडवल कसे खर्च होते, याचा जाब विचारण्याचा पहिला हक्क त्या गावांना आणि तेथे आज राहणाऱ्यांना असायला हवा. तो त्यांना कायद्याने मिळालेला नाही.

या रचनेत वेळेचे मूल्य कसे नाहीसे होते हे नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गावरून दिसते. बेलापूर ते पेंधर हा सुमारे ११ किलोमीटरचा आणि ११ स्थानकांचा मार्ग. त्याचे भूमिपूजन १ मे २०११ रोजी झाले आणि प्रवासी वाहतूक १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. दरम्यानच्या साडेबारा वर्षांत कंत्राटदार बदलले, मुदती वाढल्या, खर्च वाढला आणि खारघर-तळोज्यात मेट्रोच्या जाहिरातीवर विश्वासून घरे घेतलेल्या कुटुंबांनी त्या काळाचा प्रवासखर्च स्वतः सोसला. नेरुळ-उरण रेल्वेमार्गाची कथा याहून लांब आहे. ज्या मार्गाच्या खर्चाचे दोनतृतीयांश, म्हणजे ६७ टक्के, सिडकोने आणि उरलेले रेल्वेने द्यायचे होते, तो १९९० च्या दशकात मंजूर झाला, त्याचा खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा टप्पा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. या दोन्ही विलंबांना भूसंपादन, पर्यावरण आणि वनविभागाची परवानगी, कंत्राटदारांच्या अडचणी अशी कारणे दिली गेली आणि त्यांतील बरीच खरीही आहेत. परंतु कोणती अडचण आधी ओळखता आली असती, ती ओळखणे कोणाचे काम होते आणि न ओळखल्याने किती कोटींचा भार वाढला, याचे उत्तर शहरापुढे कोणी मांडले नाही. मांडण्याचे बंधनही कोणावर नव्हते.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांना सर्वसाधारण भाषेत ‘कॅग’ म्हटले जाते, त्यांचा सिडकोच्या कारभारावरील अहवाल मार्च २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. विमानतळ, मेट्रो आणि अन्य कामांच्या कंत्राटांत निविदाप्रक्रियेचे नियम पाळले न जाणे, वाढीव कामे नव्याने निविदा न मागवता देणे आणि विलंबाबद्दलचा दंड वसूल न करणे, असे आक्षेप त्यात होते. घटनासमितीत ३० मे १९४९ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पदाची जबाबदारी न्यायसंस्थेहूनही मोठी मानली होती आणि त्याला तितकेच स्वातंत्र्य असायला हवे असे मत मांडले होते. अशा पदाने नोंदवलेल्या आक्षेपांचे पुढे काय व्हावे, याचीही एक पद्धत आहे: राज्याच्या विभागांवरील अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे आणि महामंडळांवरील अहवाल सार्वजनिक उपक्रम समितीकडे जातो, समिती अधिकाऱ्यांची साक्ष घेते, शिफारशी करते आणि विभाग कार्यवाहीचा अहवाल देतो. ही पद्धत कागदावर उत्तम आहे. मात्र आक्षेप ज्या वर्षांच्या व्यवहारांवर असतो ती वर्षे उलटून गेलेली असतात, सही करणारे अधिकारी बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात, सरकारही बदललेले असते, आणि समितीपुढे उभा राहणारा अधिकारी ज्या निर्णयाचे समर्थन करतो तो त्याने घेतलेलाच नसतो. मार्च २०२० मधील तो अहवाल आला त्याच महिन्यात महासाथीने सारे सार्वजनिक जीवन ठप्प केले, आणि शहराच्या चर्चेतून तो जवळजवळ नाहीसा झाला.

बाळगंगा धरणाचे प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तेथे उत्तरदायित्वाचा प्रश्न दोन संस्थांच्या मधल्या जागेत अडकला. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील हे धरण नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी होते. पैसा सिडकोचा होता आणि बांधकाम राज्याच्या जलसंपदा विभागाखालील कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचे होते. २००९ साली कंत्राट दिले गेले आणि थोड्याच काळात कामाची किंमत ४९५ कोटींवरून १,२२० कोटींवर गेली, असा आरोप तपासयंत्रणेने ठेवला. २०१५ साली लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अधिकारी आणि कंत्राटदारांविरुद्ध गुन्हा नोंदवला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण फौजदारी प्रश्नापलीकडे एक साधा कारभाराचा प्रश्न उरतो. पैसा देणाऱ्याने म्हणायचे की बांधकाम आपल्याकडे नाही, बांधणाऱ्याने म्हणायचे की पैसा आपला नाही, आणि ज्या गावांचे पुनर्वसन व्हायचे होते त्यांनी व ज्या शहराला पाणी मिळायचे होते त्याने कोणाकडे जायचे? कंत्राट देऊन पंधरा वर्षे उलटली, तरी बाळगंगेचे पाणी नवी मुंबईच्या नळांत आलेले नाही.

या ठिकाणी पाटबंधारे खात्यातील एक शब्द समजून घेणे उपयुक्त आहे. कोणत्याही कामाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे इतक्या किमतीचे अमुक काम करण्यास शासनाची संमती. नंतर अभियंत्यांकडून तांत्रिक मान्यता, मग निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेत झालेल्या कामाची नोंद आणि तिच्या आधारे देयक, असा क्रम असतो. किंमत वाढली की नवी संमती घ्यावी लागते आणि तिला सुधारित प्रशासकीय मान्यता, किंवा खात्याच्या बोलीत ‘सुप्रमा’, म्हणतात. मूळ मान्यता ही करदात्याशी केलेल्या कराराची किंमत मानली, तर सुप्रमा हा तो करार एकतर्फी बदलण्याचा अधिकार ठरतो. तो अपवाद म्हणून वापरला तर समर्थनीय आहे, पण महाराष्ट्राच्या सिंचन प्रकल्पांत तो नियम झाला. एखाद्या प्रकल्पाला दोन, तीन आणि त्याहून अधिक वेळा सुप्रमा मिळू लागल्या, तेव्हा पहिल्या अंदाजाला काही अर्थच उरला नाही, आणि कमी किमतीचा अंदाज दाखवून काम सुरू करून घेणे व नंतर वाढवून घेणे ही रीत बनली. त्या काळातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये शासनाला लिहिलेल्या पत्रातून हा प्रश्न ऐरणीवर आला, नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाने २०१४ मध्ये अहवाल दिला.

त्या वादाची ठिणगी ज्या आकड्याने पडली त्याचे पुढे काय झाले हे अधिक बोलके आहे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात एकूण पीकक्षेत्रातील ओलिताच्या क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के असे दाखवले होते; दहा वर्षे हजारो कोटी खर्चून एक दशांश टक्क्याची वाढ. पाटबंधारे खात्याने हा आकडा अमान्य केला आणि निर्मित सिंचनक्षमतेचे वेगळे, मोठे आकडे पुढे केले. त्यानंतरच्या आर्थिक पाहणी अहवालांत कित्येक वर्षे या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ एवढाच शेरा आला. आकडा चुकीचा असेल तर तो दुरुस्त करून छापणे हे शासनाचे कर्तव्य होते. तो छापणेच थांबवणे म्हणजे खर्चाचे फळ मोजण्याचे साधनच नागरिकांकडून काढून घेणे होय, आणि कोणत्याही वैयक्तिक लाचखोरीपेक्षा ते लोकशाहीला अधिक घातक आहे.

नागरिकाने एकाच गोष्टीसाठी दोन दारांत पैसे भरावेत आणि दोन्ही दारांतून त्याला दुसऱ्याकडे पाठवले जावे, असे चित्र पनवेल महापालिकेच्या हद्दीत दिसले. ही महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोने वसवलेल्या वसाहती तिच्यात आल्या. सेवा मात्र पुढे बराच काळ सिडकोच देत राहिली आणि त्यासाठी सेवा शुल्क घेत राहिली. नंतर महापालिकेने स्थापनेच्या दिवसापासूनचा मालमत्ता कर एकदम मागितला, तेव्हा रहिवाशांनी हा दुहेरी कर असल्याचे म्हणत आंदोलने केली आणि उच्च न्यायालयात धाव घेतली. कायद्याच्या दृष्टीने कर आणि शुल्क या भिन्न गोष्टी आहेत, कारण शुल्क विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात असते आणि करासाठी अशा थेट मोबदल्याची अट नसते, हे खरे. पण त्या वर्षांत महापालिकेने या वसाहतींसाठी काय केले आणि सिडकोने घेतलेल्या शुल्काचा हिशेब काय, हे दोन्ही संस्थांनी एकत्र बसून सांगितले असते, तर वादाचे स्वरूप वेगळे झाले असते.

आता नवी मुंबई महापालिकेकडे वळावे. ती १ जानेवारी १९९२ पासून कार्यरत आहे आणि तिच्या श्रेयाच्या बाजूला मोठ्या गोष्टी आहेत. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण तिने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले आणि स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या देशातील मोजक्या महापालिकांत स्थान मिळवले. आसपासची शहरे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असताना या एका निर्णयाने दिलेले फळ पाहता, सार्वजनिक पैसा दूरदृष्टीने खर्च होऊ शकतो याचे उत्तम उदाहरण शहराला बाहेर शोधण्याची गरज नाही. परंतु २०१५ साली निवडून आलेल्या १११ सदस्यांच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षांहून अधिक काळ येथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. सुरुवातीला महासाथ, मग इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा सर्वोच्च न्यायालयातील प्रश्न, मग प्रभागरचनेतले बदल, अशी कारणे एकामागून एक येत गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर अखेर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदाने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरवली आहे आणि ती संपण्याआधीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे बजावले आहे. येथे निवडणूकच एका पूर्ण मुदतीहून अधिक लांबली.

या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याची सारी रचना परस्परनियंत्रणावर उभी आहे: आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, स्थायी समिती ते तपासते, महासभा ते मंजूर करते, ठरावीक रकमेपुढील कंत्राटाला स्थायी समितीची पूर्वसंमती लागते, आणि मुख्य लेखापरीक्षक महापालिकेच्या हिशेबांची तपासणी करून स्थायी समितीला अहवाल देतो, आयुक्तांना नव्हे. सभागृह नसताना स्थायी समितीचे आणि महासभेचे अधिकार प्रशासकाकडे जातात. मग आयुक्त म्हणून मांडलेला प्रस्ताव प्रशासक म्हणून त्याच व्यक्तीने मंजूर करायचा, आणि तिच्याच खर्चावरील लेखापरीक्षकाचा अहवालही तिच्याच पुढे यायचा, अशी स्थिती होते. नवी मुंबई महापालिकेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सुमारे ४,९५० कोटींचे आणि २०२५-२६ चे ५,७०० कोटींच्या पुढचे होते. इतक्या रकमांवर वर्षानुवर्षे एकही उघड चर्चा झाली नाही, एकही हरकत मतदानाने नोंदली गेली नाही. यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही असा एकहाती अधिकार देणे हे कायद्याच्या हेतूच्या विरुद्ध आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींची दखल घेणे न्याय्य आहे. पहिला असा की, प्रशासकीय काळातच शहराचा कारभार सुधारला. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबई इंदूर आणि सुरतच्या पाठोपाठ देशात तिसरी आली, आणि नगरसेवक असताना स्थायी समिती ही टक्केवारीची बाजारपेठ झाली होती. स्थायी समित्यांविषयीचा हा कटू अनुभव नवी मुंबईपुरता नाही, तो राज्यभरचा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तुकाराम मुंढे मे २०१६ मध्ये आयुक्त म्हणून आले, तेव्हा अवघ्या पाच महिन्यांत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, सभागृहाने मोठ्या बहुमताने त्यांच्यावर अविश्वास ठराव संमत केला. राज्य सरकारने त्या वेळी त्यांना अभय दिले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली केली. या प्रसंगाकडे लोक प्रामाणिक अधिकारी विरुद्ध भ्रष्ट नगरसेवक अशा नजरेने पाहतात. पण त्यात दुसरी गोष्टही दिसते: सभागृहाचा ठराव सरकारने थांबवला आणि बदलीही सरकारनेच केली, म्हणजे अधिकाऱ्याचे राहणे आणि जाणे दोन्ही मंत्रालयात ठरले, शहरात नाही. ज्याचे राहणे-जाणे मंत्रालयात ठरते त्याची नजर मंत्रालयाकडे राहणे स्वाभाविक आहे. वाईट नगरसेवकांवरचा उपाय चांगले नगरसेवक आणि उघड कामकाज हा आहे. सभागृहच नसणे हा उपाय असू शकत नाही, कारण रस्ता स्वच्छ आहे याने तो किती पैशांत स्वच्छ झाला या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. चौकश्यांच्या धास्तीने अधिकारी निर्णयच घेत नाहीत, फाइल या मेजावरून त्या मेजावर फिरते, आणि निर्णय न घेणाऱ्याला कधीच शिक्षा होत नाही, असे अनुभवी प्रशासक सांगतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच उत्तरदायित्वाचा अर्थ फौजदारी चौकशी असा घेणे चूक आहे. निर्णय घेताना त्याची कारणे लिहून उघड केली, तर प्रामाणिक चूक आणि बदनीयत यांत फरक करता येतो. विलंबाचीही किंमत रुपयांत मांडून त्याच अहवालात छापली, तर न केलेली सहीसुद्धा हिशेबात येते. आजची पद्धत नेमकी याच्या उलट आहे. ती वर्षानुवर्षे काही विचारत नाही आणि मग एके दिवशी गुन्हा नोंदवते.

लेखापरीक्षणाला वेळ लागणारच, ही सबबही टिकत नाही. मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातील सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचे विशेष लेखापरीक्षण करण्यास राज्य सरकारने २०२२ च्या अखेरीस कॅगला सांगितले आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा अहवाल विधिमंडळात मांडलाही गेला. त्यामागचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. पण इच्छा असेल तर काही महिन्यांत एवढे मोठे लेखापरीक्षण होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. विरोधकांची सत्ता असलेल्या काळासाठी जे शक्य झाले, ते स्वतः नेमलेल्या प्रशासकांच्या काळासाठीही शक्य असले पाहिजे. राज्य पातळीवर शिस्त किती सैल आहे हे पुरवणी मागण्यांवरून, म्हणजे मूळ अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाच्या मंजुरीवरून, कळते: जुलै २०२४ मध्ये, वार्षिक अर्थसंकल्पाला जेमतेम काही दिवस झाले असताना, ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या विधिमंडळात मांडल्या गेल्या.

नागरिकाच्या हातातील साधन म्हणजे माहितीचा अधिकार. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे महाराष्ट्राने २००२ सालीच असा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, ज्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक संस्थांनी बरीचशी माहिती न मागताच प्रसिद्ध करावी असे बंधन घातले. प्रत्यक्षात २०२३ मध्ये राज्य माहिती आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून होत्या. आयोगाचे कोकण खंडपीठ बेलापूरच्या कोकण भवनातच आहे, पण तेथे सुनावणी लागेपर्यंत ज्या रस्त्याच्या कामाची माहिती मागितली तो रस्ता पुन्हा खोदलेला असतो. मागून मिळणाऱ्या माहितीवर उत्तरदायित्व उभे राहू शकत नाही. मोजमाप पुस्तिका, सुधारित किमतींचे आदेश, मुदतवाढीची कारणे आणि न आकारलेला दंड, या चार गोष्टी प्रत्येक कामासाठी देयक निघण्यापूर्वी प्रभाग कार्यालयात आणि संकेतस्थळावर आल्या, तर नव्वद टक्के अर्जांची गरजच उरणार नाही.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. राज्याने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. क्षेत्रसभा म्हणजे प्रभागातील मतदारांची, ग्रामसभेच्या धर्तीवरची सभा, जिच्यापुढे कामांचे प्राधान्य आणि झालेला खर्च मांडता येतो. ती तरतूद कागदावरच राहिली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग रहिवाशांच्या सभांतून ठरवला आणि पुणे महापालिकेने २००६ पासून मर्यादित स्वरूपात तसा प्रयत्न केला. पुण्याचा प्रयोग कमी पडला तो सूचना घेण्यात नाही, तर घेतलेल्या सूचनांचे काय झाले हे परत येऊन सांगण्याची सक्ती नव्हती म्हणून. सिडकोच्या बाबतीत तर आणखी मूलभूत बदल हवा: नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महापालिकांचे निवडून आलेले प्रतिनिधी तिच्या संचालक मंडळावर असावेत, आणि तिच्यावरील कॅगचा अहवाल विधिमंडळाबरोबरच या दोन सभागृहांतही चर्चेला यावा.

नवी मुंबईला आता पुन्हा सभागृह मिळाले आहे. त्याचे पहिले काम नवी कामे सुचवणे हे नसून मे २०२० पासून प्रशासकांच्या सहीने झालेला संपूर्ण खर्च, त्यावरील लेखापरीक्षकांचे अहवाल आणि प्रत्येक आक्षेपापुढे आज उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व तारीख, हे सारे पटलावर ठेवून घेणे हे आहे. बेलापूरपासून दिघ्यापर्यंतच्या आठही विभागांतील मतदारांनी आपापल्या नगरसेवकाला भेटून एवढीच मागणी करावी: ही कागदपत्रे कोणत्या सभेत येणार आहेत ती तारीख सांगा, आणि त्या सभेत तुम्ही कोणता प्रश्न विचारणार आहात तो आम्हांला आधी लेखी द्या.